मत आपलं, उमेदवार कुणाचा?

निवडणूक जवळ आली की पहिला प्रश्न कानावर येतो, तिकीट कुणाला? मत कुणाला हा प्रश्न त्यानंतरचा. पहिल्याचं उत्तर मुंबई-दिल्लीत बंद दाराआड ठरतं आणि दुसऱ्यासाठी आपल्या वस्तीत पत्रकं येतात. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या मताच्या अधिकारावर आपण भरभरून बोलतो. पण ते मत ज्या नावांपैकी एकाला द्यायचं, ती नावं कोण ठरवतं यावर आपण फारसं बोलत नाही. सत्तेचं खरं कुलूप तिथेच आहे, हे या लेखाचं म्हणणं आहे. ते पटवून देण्यासाठी मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचं उदाहरण घेणार आहे. कारण हे कुलूप तिथे किती उघडपणे लावलं गेलं आणि किती कष्टाने तोडलं गेलं, याची नोंद आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. राज्यपालाला दिल्ली नेमते, गव्हर्नरला राज्यातले मतदार थेट निवडतात. अधिकारांच्या बाबतीत तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी असतो. दुसरी गोष्ट प्रायमरीची. पक्षाचा उमेदवार पक्षाध्यक्ष ठरवत नाही, त्यासाठी आधी वेगळं मतदान होतं. जॉर्जियात मतदाराला एखाद्या पक्षाचा सभासद असावं लागत नाही. त्या दिवशी केंद्रावर जाऊन तो ज्या पक्षाची मतपत्रिका मागेल, त्या पक्षाच्या उमेदवार निवडीत तो मत देतो. हे मतदान सरकारी यंत्रणा घेते. ऐकायला हे फार लोकशाहीवादी वाटतं. पण याच प्रायमरीचा वापर करून कृष्णवर्णीयांना जवळपास अर्धं शतक सत्तेबाहेर ठेवलं गेलं होतं.

"आमचा पक्ष हा आमचा क्लब"

1870 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनंतर वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारणं बेकायदेशीर ठरलं. मग दक्षिणेतल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी आडवाटा शोधल्या. मत द्यायचं तर आधी कर भरा, वाचून दाखवा, अर्थ सांगा. या सगळ्यांत सर्वांत चतुर वाट होती 'व्हाइट प्रायमरी'. 1870 च्या दशकापासून 2002 पर्यंत जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाबाहेरचा एकही माणूस गव्हर्नर म्हणून निवडून आला नाही. त्यामुळे त्या पक्षाची प्रायमरी जो जिंकेल तोच गव्हर्नर, हे ठरलेलं असे. नोव्हेंबरचं मतदान हा केवळ उपचार होता. आणि पक्षाचा नियम असा की प्रायमरीत फक्त गोरे मत देतील. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं. पक्ष ही खाजगी संस्था आहे, कुणाला आत घ्यायचं हे आम्ही ठरवू, घटनेचा इथे संबंध नाही.

आपल्या वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. विहीर खाजगी आहे, देऊळ खाजगी आहे, रस्ता आमच्या वाड्यातून जातो. माणसाला बाहेर ठेवायचं असलं की सार्वजनिक गोष्टही एका रात्रीत खाजगी होते.

3 एप्रिल 1944 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासमधल्या लॉनी स्मिथ या कृष्णवर्णीय दंतवैद्याच्या खटल्यात हा युक्तिवाद फेटाळला. वकील होते थर्गुड मार्शल. जॉर्जियातल्या पक्षाने मात्र तो निकाल आपल्याला लागू नाही असं धरून चालवलं. मग 4 जुलै 1944 रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, कोलंबस शहरात प्रायमस किंग हा माणूस प्रायमरीत मत द्यायला गेला. तो केशकर्तनाचा व्यवसाय करायचा आणि चर्चमध्ये प्रवचन द्यायचा. त्याला पोलिसाकरवी बाहेर काढण्यात आलं. त्याने दावा लावला, तो जिंकला, आणि 1946 च्या वसंतात वरच्या न्यायालयांतही तो निकाल कायम राहिला. एका न्हाव्याने राज्याच्या सत्ताधारी पक्षाचं दार उघडायला लावलं.

जास्त मतं मिळवणारा हरला

दार उघडल्याबरोबर एक लाखाहून अधिक कृष्णवर्णीयांनी जॉर्जियाच्या मतदार यादीत नावं नोंदवली. 17 जुलै 1946 ला गव्हर्नरपदाची प्रायमरी झाली. एका बाजूला यूजीन टॅलमेज. व्हाइट प्रायमरी परत आणीन हे त्याचं जाहीर आश्वासन होतं. त्याच्या माणसांनी अनेक काउंट्यांत कृष्णवर्णीय मतदारांच्या नावांवर घाऊक हरकती घेतल्या. दुसऱ्या बाजूला जेम्स कारमायकल, तुलनेने मवाळ उमेदवार. मतमोजणीत कारमायकलला टॅलमेजपेक्षा सुमारे 16 हजार मतं जास्त पडली. आणि तो हरला!

कारण होतं 'काउंटी युनिट' पद्धत. जॉर्जियात 159 काउंट्या आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी 6 युनिट, पुढच्या तीसना 4 आणि उरलेल्या 121 ना 2. काउंटीत जो पुढे, त्याला तिथले सगळे युनिट. एकूण 410. म्हणजे अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत येतं, तिला 6 आणि जेमतेम दोन हजार वस्तीच्या एकोल्स काउंटीला 2. 1960 च्या जनगणनेच्या आधारे हिशेब झाला तेव्हा एकोल्समध्ये एका युनिटमागे 938 माणसं होती, तर फुल्टनमध्ये 92,721. शहरात कृष्णवर्णीय कामगार, शिक्षक, चर्च, संघटना यांची ताकद वाढत होती. ती ताकद मतपेटीत उतरली तरी निकालात उतरू नये अशी ही व्यवस्था होती. युनिटच्या हिशेबात टॅलमेजला 242 आणि कारमायकलला 146 मिळाले.

ही पद्धत मोडायला 1963 उजाडलं. 'ग्रे विरुद्ध सँडर्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राजकीय समतेचा अर्थ एकच होतो, एक व्यक्ती एक मत. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेब एक माणूस, एक मत आणि एक मूल्य हे सूत्र मांडत होते, तेव्हा जॉर्जियात एका मताचं मूल्य दुसऱ्याच्या शंभरावा हिस्सा होतं आणि ते कायदेशीर होतं. बाबासाहेबांनी 'मत'वर न थांबता 'मूल्य' हा शब्द का जोडला, हे जॉर्जियाचा हिशेब पाहिला की नीट कळतं.

जुलै 1946

त्या प्रायमरीच्या दुसऱ्याच दिवशी मॅसिओ स्नाइप्सला त्याच्या घरी गोळ्या घातल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला हा सैनिक. टेलर काउंटीत त्याने आदल्या दिवशी मत दिलं होतं. 20 जुलैला तो मेला. 25 जुलैला वॉल्टन काउंटीत मूर्स फोर्ड पुलाजवळ गोऱ्यांच्या जमावाने दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना, चार माणसांना, गोळ्या घालून मारलं. दोन्ही प्रकरणांत कुणालाही शिक्षा झाली नाही.

आता हाच महिना बाबासाहेबांच्या बाजूने पाहा. जुलै 1946 च्या सुरुवातीला त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. डु बॉइस हे कृष्णवर्णीयांचे सर्वांत मोठे समाजशास्त्रज्ञ. त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षं जॉर्जियातच, अटलांटा विद्यापीठात शिकवण्यात गेली. आपण कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत, दोघांच्या स्थितीत फार साम्य आहे, आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मिळावी, असं बाबासाहेबांनी कळवलं होतं. 31 जुलैला डु बॉइस यांनी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. पत्र आणि उत्तर यांच्या मधल्या चार आठवड्यांत जॉर्जियात काय घडलं ते वर आलंच आहे. स्नाइप्सचा गुन्हा काय? त्याने नोव्हेंबरच्या निवडणुकीत नव्हे, उमेदवार ठरवायच्या मतदानात मत दिलं होतं. जीव घ्यावा इतकं ते मत मोलाचं होतं, हे गोऱ्यांना ठाऊक होतं. आपल्याला ते ठाऊक आहे का?

पुणे करारातली प्रायमरी

अनेक तरुण कार्यकर्त्यांना वाटतं की प्रायमरी ही अमेरिकेची गोष्ट आहे. तसं नाही. आपल्या इतिहासात प्रायमरी झाली आहे आणि ती आपल्याच समाजाची होती.

24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराबद्दल आपण दोन गोष्टी पाठ केल्या आहेत. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि जागा 71 च्या 148 झाल्या. तिसरी गोष्ट आपण विसरतो. करारात निवडणूक दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात फक्त अस्पृश्य मतदार मत देणार आणि चार उमेदवारांचं पॅनेल निवडणार. दुसऱ्या टप्प्यात त्या चौघांतून एकाला सर्व मतदार मिळून निवडणार. स्वतंत्र मतदारसंघ हातचा जात असताना निदान उमेदवार तरी आपल्या माणसांनी ठरवलेला असावा, यासाठीची ही सोय होती. तिलाही दहा वर्षांची मुदत घातली गेली.

या सोयीतली गोम बाबासाहेबांनी पुढे स्वतःच उलगडून दाखवली. चौघांच्या पॅनेलमध्ये काँग्रेसचा एक माणूस चौथ्या क्रमांकाने जरी घुसला, तरी दुसऱ्या टप्प्यात सवर्णांच्या मतांवर तो निवडून येतो. समाजाने पहिला ठरवलेला घरी बसतो आणि चौथा ठरवलेला समाजाचा 'प्रतिनिधी' होतो. 1945-46 च्या निवडणुकांत हे प्रत्यक्ष दिसलं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार काही ठिकाणी प्राथमिक फेरीत पुढे असूनही अंतिम फेरीत पडले.

जॉर्जिया आणि पुणे करार शेजारी ठेवून पाहा. जॉर्जियात दारं दोन होती. पहिलं कृष्णवर्णीयांना बंद, दुसरं उघडं. पण पहिल्या दारातच सगळं ठरत असल्याने दुसऱ्याला अर्थ नव्हता. पुणे करारात पहिलं दार आपलं, दुसरं सर्वांचं. पण दुसऱ्यावर बहुसंख्याकांचा ताबा असल्याने पहिल्याचा निकाल फिरवता येत होता. दोन्हीकडे किल्ली बहुसंख्याकांच्याच खिशात राहिली. आणि आजचं काय? संविधानाने राखीव जागा ठेवल्या, प्राथमिक फेरी राहिली नाही. महाराष्ट्र विधानसभेच्या 288 पैकी 29 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. त्या 29 ठिकाणी कोण उभं राहणार हे एबी फॉर्म ठरवतो. एबी फॉर्म कुणाच्या सहीने निघतो ते सांगायला नको. म्हणजे पहिलं दार आता आपलंही नाही आणि मतदारांचंही नाही. ते पक्षश्रेष्ठींचं आहे. कायद्यात पक्षाची नोंदणी आहे, खर्चाचा हिशेब आहे, पण उमेदवार कसा निवडावा याचं बंधन नाही. "पक्ष ही आमची संस्था, आम्ही ठरवू" हा जॉर्जियात 1946 मध्ये हरलेला युक्तिवाद आपल्याकडे कुणी न्यायालयात मांडायचीही गरज पडत नाही.

'सर्वांना चालणारा' उमेदवार

2018 ची जॉर्जियातली निवडणूक या चर्चेत महत्त्वाची आहे. डेमोक्रॅटिक प्रायमरीत दोन स्त्रिया होत्या आणि दोघींचं नाव स्टेसी. स्टेसी इव्हान्स गोऱ्या, स्टेसी एब्रॅम्स कृष्णवर्णीय. वाद डावपेचांचाही होता. इव्हान्स यांच्या बाजूचं म्हणणं असं की पक्षापासून दुरावलेले मवाळ गोरे मतदार परत आणले तरच राज्य जिंकता येईल. एब्रॅम्स यांचं म्हणणं असं की जे कधी मतदानालाच येत नाहीत, त्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि तरुण मतदारांची नावं नोंदवा, त्यांना बाहेर काढा. त्यांनी हे काम निवडणुकीच्या तोंडावर सुरू केलं नव्हतं. 2013 पासून त्यांनी सुरू केलेली संस्था दारोदार नोंदणी करत होती. 22 मे 2018 च्या प्रायमरीत एब्रॅम्स यांना सुमारे 76 टक्के मतं मिळाली.

'सर्वांना चालेल असा उमेदवार द्या' हे वाक्य आपण दर निवडणुकीत ऐकतो. 'सर्वांना' म्हणजे कुणाला? आपल्याला चालतो की नाही हे कुणी विचारत नाही. बोलणारा शांत असावा, अत्याचाराच्या प्रकरणात फार पुढे न येणारा असावा, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालणारा पण त्यांची पुस्तकं न उघडणारा असावा, हा त्याचा अर्थ. पुणे करारातला चौथ्या क्रमांकाचा उमेदवार हाच. जॉर्जियात पहिल्या टप्प्यात लोकांना विचारलं गेलं म्हणून त्यांना आपला पहिला क्रमांक सांगता आला.

नोव्हेंबरमध्ये एब्रॅम्स हरल्या. ब्रायन केंप यांना 50.2 टक्के, त्यांना 48.8. फरक 55 हजारांच्या आत. केंप तेव्हा राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट होते, म्हणजे निवडणूक यंत्रणेचे प्रमुख. जो उमेदवार, तोच पंच. त्यांनी निकालाच्या रात्रीनंतर दोन दिवसांनी ते पद सोडलं. 2017 च्या जुलैत एका फटक्यात पाच लाखांहून अधिक नावं यादीतून काढली गेली होती. निवडणुकीच्या तोंडावर सुमारे 53 हजार नोंदणी अर्ज नाव-तपशील तंतोतंत जुळत नाहीत म्हणून अडकले होते आणि त्यांतले जवळपास 70 टक्के कृष्णवर्णीयांचे असल्याची बातमी असोसिएटेड प्रेसने दिली. राज्यात त्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आहे. केंप यांची बाजू अशी की हे सगळं कायद्याप्रमाणे झालं. एब्रॅम्स यांच्या संघटनेने लावलेला दावा 2022 मध्ये संघराज्य न्यायालयाने फेटाळला, हेही सांगितलं पाहिजे. पण कार्यकर्त्याने यातून बोध घ्यायचा तो असा की यादीचं नुकसान निकालानंतर न्यायालयात भरून निघत नाही. नाव निवडणुकीआधी यादीत असावं लागतं.

2022 च्या फेरलढतीत एब्रॅम्स साडेसात टक्क्यांच्या फरकाने हरल्या. म्हणजे एक चेहरा आणि एक मोहीम यावर कायमचा विजय उभा राहत नाही. 2025 पर्यंतच्या अमेरिकेच्या इतिहासात गव्हर्नर म्हणून निवडून आलेले कृष्णवर्णीय तीनच, व्हर्जिनियात 1989 मध्ये डग्लस वाइल्डर, मॅसॅच्युसेट्समध्ये 2006 मध्ये देव्हल पॅट्रिक आणि मेरीलँडमध्ये 2022 मध्ये वेस मूर. त्यांत एकही स्त्री नाही. पण जॉर्जियात काही बदललं नाही असंही नाही. निवडून येण्यासाठी निम्म्याहून जास्त मतं हवीत, नाहीतर दुसरी फेरी, हा नियम तिथे 1964 मध्ये आला. गोऱ्यांची मतं अनेकांत विभागली आणि कृष्णवर्णीयांची एकगठ्ठा पडली तर काय, ही त्यामागची भीती होती. तो आणणाऱ्या आमदाराने आपल्या काही राजकीय कृतींमागे वंशभेद होता हे पुढे स्वतः कबूल केलं. त्याच नियमाखाली जानेवारी 2021 मध्ये दुसरी फेरी झाली आणि राफेल वॉर्नॉक जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. यादीवर वर्षानुवर्षं केलेलं काम तेव्हा उपयोगी पडलं.

पँथर आधी निवडणूक चिन्ह होता

1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, हे सर्वांना माहीत आहे. पण ओकलंडच्या तरुणांनी तो पँथर घेतला अलाबामातल्या लाउंड्स काउंटीतून. तिथे लोकसंख्येत पाचात चार कृष्णवर्णीय होते आणि 1965 सुरू झालं तेव्हा मतदार यादीत एकही नव्हता. राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा. त्यावर वर्षानुवर्षं 'श्वेत वर्चस्व' असे शब्द होते. तिथल्या लोकांनी त्या पक्षाच्या दारात उभं राहायचं नाही असं ठरवलं. स्वतःचा पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं काळा पँथर. 3 मे 1966 ला राज्यात गव्हर्नरपदाची प्रायमरी चालू असताना लाउंड्सचे शेकडो लोक एका चर्चजवळ जमले आणि त्यांनी मत देऊन आपले उमेदवार निवडले. नोव्हेंबरमध्ये ते सगळे पडले. चार वर्षांनी, 1970 मध्ये, त्याच चळवळीतला जॉन ह्यूलेट काउंटीचा शेरीफ झाला.

आपण पँथरची डरकाळी घेतली. त्या चर्चजवळची मतपेटी मात्र घ्यायची राहिली. आपल्या पक्षांत, गटांत, आघाड्यांत उमेदवार कसे ठरतात? नेत्याच्या घरी. प्रस्थापित पक्षांच्या हायकमांडवर आपण टीका करतो आणि आपल्याकडे छोटे छोटे हायकमांड तयार करतो. फाटाफुटीचं एक मोठं कारण हेच आहे. ज्याला तिकीट नाकारलं त्याला आपण का हरलो हे कळतच नाही, कारण मतदान झालेलंच नसतं. मग तो नवा गट काढतो.

यावर आक्षेप येतील. प्रायमरीत पैसा चालेल, पोटजातींची गणितं होतील, भांडणं उघड्यावर येतील. पैसा आणि पोटजात आजही चालते, फरक इतकाच की ती बंद खोलीत चालते. जॉर्जियाच्या प्रायमरीतही पैसा आहे, द्वेषाचा प्रचारही आहे. 2018 मध्ये रिपब्लिकन प्रायमरीच्या पहिल्या फेरीत मागे असलेले केंप ट्रम्प यांच्या पाठिंब्यानंतर दुसरी फेरी मोठ्या फरकाने जिंकले. पण 2022 मध्ये त्याच ट्रम्प यांनी केंप यांच्या विरोधात उभा केलेला उमेदवार त्याच मतदारांनी पाडला. पक्षाच्या सर्वांत बलाढ्य नेत्याच्या माणसालाही सामान्य मतदार 'नाही' म्हणू शकतो. आपल्या कोणत्या पक्षात हे शक्य आहे?

म्हणून तीन कामं. पहिलं, येत्या ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका निवडणुकांत निदान एका प्रभागात आपल्या संघटनेचा उमेदवार वस्तीतल्या मतदानाने ठरवा. विहारात पेटी ठेवा, स्त्रियांचं मतदान वेगळं मोजा म्हणजे त्यांचं मत कुठे आहे ते दिसेल, आणि हरलेल्याने जिंकलेल्याचा प्रचार करायचा अशी अट आधीच लिहून घ्या. दुसरं, मतदार यादी घेऊन बसा. नवीन नावासाठी नमुना 6, दुरुस्तीसाठी नमुना 8, आणि आपल्या वस्तीतल्या कुणाच्या नावावर नमुना 7 ची हरकत आली आहे का यावर डोळा ठेवा. कामासाठी स्थलांतर करणारे, भाड्याने राहणारे, झोपडपट्टी हलवली गेलेले, यांची नावं आधी गळतात. तिसरं, राखीव जागांवर आपल्याकडे मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला एकच प्रश्न विचारा, हा उमेदवार ठरवताना आमच्यापैकी किती जणांना विचारलं?

सत्ताधारी जमात व्हा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. दुसऱ्याने बनवलेल्या यादीतल्या नावापुढे बटण दाबून कुणी सत्ताधारी होत नाही. आधी यादी आपली हवी, मग मत.

जय भीम.